रेंज जाण्याआधी: कोल्हापुरातून प्रवासाला निघताना मोबाइल कसा तयार ठेवावा

राजारामपुरीत फोनच्या वरच्या कोपऱ्यात चार दांड्या दिसतात, म्हणून गगनबावड्यातही दिसतील असं धरून लोक निघतात. कोल्हापुरातून पश्चिमेला कुठल्याही वाटेनं जा, आंबा, गगनबावडा, दाजीपूर किंवा चंदगडमार्गे तिलारी, घाट जवळ आला की रेंज विरळ होते आणि वळणांत पूर्ण जाते. टॉवर वस्तीला धरून उभे असतात. मध्ये डोंगराचा खांदा आला की लहरी अडतात, मग टॉवर अगदी चार-पाच किलोमीटरवर असला तरी उपयोग होत नाही. पावसाळ्यात त्यात वीज जाण्याची भर पडते.

म्हणून या लेखातली निम्मीअधिक कामं घरी बसून, वाय-फाय आणि चार्जर हाताशी असताना करायची आहेत. अपघात झाल्यावर सेटिंग शोधत बसायला वेळ नसतो आणि अ‍ॅप उतरवून घ्यायला नेट नसतं. मेनूंची नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. नाव सापडलं नाही तर सेटिंगमध्ये वर जो शोधाचा चौकोन असतो, त्यात ‘इमर्जन्सी’ किंवा ‘आणीबाणी’ टाइप करा.

निघण्याआधी, घरी

१. सेटिंगमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ उघडा. तिथं आपत्कालीन संपर्क म्हणून दोन-तीन माणसं जोडा. सगळी एकाच घरातली नकोत. एक जण तरी कोल्हापूरबाहेर राहणारा हवा. पुरात अख्ख्या गल्लीचे फोन एकदम बंद पडतात, तेव्हा पुण्यातला मामेभाऊ सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवू शकतो.

२. तिथंच वैद्यकीय माहिती भरा: रक्तगट, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. आयफोनमध्ये हे हेल्थ अ‍ॅपमधल्या मेडिकल आयडीत असतं. ‘लॉक असताना दाखवा’ हा पर्याय चालू करायला बहुतेक जण विसरतात आणि मग भरलेली माहिती कुणालाच दिसत नाही. भरून झाल्यावर फोन लॉक करा, लॉकच्या पडद्यावर ‘इमर्जन्सी कॉल’ दाबा आणि माहिती दिसते का ते स्वतः बघा.

३. एसओएस बटण चालू करा. अँड्रॉइडच्या नव्या फोनांत पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की काही सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि मग ११२ ला कॉल लागतो. काही फोनांत तीन वेळा दाबावं लागतं. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरतात. सेटिंगमध्ये हे बघून ठेवा. मोजणी चालू असताना रद्द करता येतं, त्यामुळे एकदा दाबून बघायला हरकत नाही. कॉल लागू द्यायचा नाही एवढंच. खिशात चुकून दाबलं जाऊन कॉल लागलाच, तर घाबरून कट करू नका. ‘चुकून लागला, मी सुखरूप आहे’ एवढं सांगा, नाहीतर पलीकडचा माणूस तुम्हाला परत फोन लावत बसतो.

४. लोकेशन चालू ठेवा आणि नकाशाचं अ‍ॅप उघडून निळा ठिपका तुमच्या घरावरच येतो का ते तपासा. ठिपक्याभोवती मोठं फिकट वर्तुळ दिसत असेल तर फोनला जागा अजून नीट कळलेली नाही. उघड्यावर अर्धा-एक मिनिट थांबलं की वर्तुळ आवळतं.

५. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. गुगल मॅप्समध्ये वर आपल्या फोटोवर टिचकी, मग ‘ऑफलाइन नकाशे’, मग ‘तुमचा स्वतःचा नकाशा निवडा’. चौकोन ओढून कोल्हापूरपासून वैभववाडीपर्यंतचा पट्टा त्यात बसवा. आंबा घाटाकडं जाणार असाल तर साखरप्यापर्यंतचा. या नकाशाच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक, त्यात गाडीचा रस्ता दिसतो, पायवाटेचं मार्गदर्शन मिळत नाही. दुसरी, रस्ता आज बंद आहे हे त्याला माहीत नसतं. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता, तरी जुना उतरवलेला नकाशा तिकडूनच नेत राहिला असता. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते माणसाला विचारा. एसटीच्या चौकशी खिडकीवर नेमकं उत्तर मिळतं.

६. *#०६# डायल करा. पडद्यावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. तो वहीत लिहा. फोनमध्येच फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण फोन गेल्यावरच तो लागतो. बिलाचा फोटो मात्र घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पाठवून ठेवा.

७. एका कागदावर पाच नंबर लिहा: घरचे दोन, शेजारी, बँकेचा कार्ड बंद करण्याचा, आणि जिथं जाताय तिथला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात. पूर्वी पाठ असायचे ते नंबर आता कुणालाच पाठ नसतात, आणि एसटी स्टँडवर दुसऱ्याचा फोन मागून घेतला तरी लावायचा कुणाला हा प्रश्न उरतोच.

दोन सिमची जागा असेल तर दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घ्या. एकाच कंपनीची दोन सिम घेतली तर एका टॉवरबरोबर दोन्ही बसतात. डोंगराकडच्या कुठल्या गावात कुठली कंपनी चालते हे जाहिरातीत कळत नाही. तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा, तो एका शब्दात सांगेल.

कुठला नंबर कशासाठी

गोंधळ असेल तर ११२. पोलिस, आग, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी तो एकच पुरतो. माणूस जखमी किंवा आजारी असेल आणि बाकी काही नसेल तर थेट १०८. ही रुग्णवाहिका मोफत असते. गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळासाठी १०२. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३, म्हणजे पुणे-बंगळूर मार्गावर किंवा रत्नागिरीकडं जाणाऱ्या महामार्गावर. रेल्वेत काहीही झालं तर १३९. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. पूर, दरड, झाड पडणं यासाठी जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७; बाहेरगावचा नातेवाईक लावत असेल तर त्यानं आधी कोल्हापूरचा कोड ०२३१ लावायचा, नाहीतर कॉल त्याच्याच जिल्ह्यात जातो. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०.

नंबर लागला की खरी अडचण सुरू होते, ती म्हणजे ‘कुठं आहात?’ तुमची जागा समोरच्याला आपोआप कळेल असं धरून चालू नका. या क्रमानं सांगा:

आधी जागा. जिल्हा, तालुका, रस्ता, कुठून कुठं जात होता, शेवटचं गाव कुठलं गेलं. ‘घाटात आहे’ हे पुरत नाही. गगनबावड्यापाशीच करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात आणि रुग्णवाहिका चुकीच्या घाटात उतरली तर वळून येण्यात बराच वेळ जातो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचं गाव आणि आकडा वाचून सांगा, तो सगळ्यांत खात्रीचा. मग काय झालं आणि किती जण. मग माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, रक्त वाहतंय का. शेवटी तुमचा नंबर, आणि तो किती वेळ चालू राहील ते. ‘बॅटरी ८ टक्के आहे’ हे सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत कॉल ठेवू नका.

दगड सापडत नसेल तर अक्षांश-रेखांश सांगा. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतर चार अंक पुरेत, त्यात साधारण ११ मीटरपर्यंतची जागा कळते. आकडे बरोबर वाचले का याची खूण अशी: कोल्हापूर जिल्ह्यात पहिला आकडा १५, १६ किंवा १७ ने सुरू होतो आणि दुसरा ७३ किंवा ७४ ने. वेगळं काही दिसलं तर तुम्ही ठिपका सोडून भलतीकडंच दाबलंय.

कागलच्या पुढं सीमेलगत असताना फोन कधीकधी कर्नाटकातला टॉवर पकडतो. मग ११२ लावल्यावर उत्तर कन्नडमध्ये येऊ शकतं. कट करू नका. हिंदीत ‘महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा, कागल तालुका’ एवढं आधी सांगा.

अपघात दुसऱ्याचा असेल तर पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीनं लोक फोन करत नाहीत. मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आहे: मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांना मात्र आधी बाजूला करा. त्यांच्यातल्याच एकाकडं बोट दाखवून ‘तुम्ही १०८ लावा’ असं म्हटलं की फोनचा योग्य उपयोग होतो. नुसतं ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही.

रेंज नाही, आता?

पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं लिहिलेलं दिसलं तर तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा आहे. अशा वेळी घरचा नंबर लागणार नाही, ११२ लागू शकतो. लावून बघा.

तेही नसेल तर जागा बदला. रस्ता डोंगर कापून काढलेला असतो. कापलेल्या भिंतीकडच्या बाजूला रेंज मेलेली असते, दरीकडं उघड्या बाजूला कधीकधी येते. पुढच्या वळणापर्यंत चालून बघा, पण कठड्यावर चढू नका आणि धुक्यात गाडीपासून लांब जाऊ नका. जागा बदलल्यावर फोन विमान मोडमध्ये टाकून दहा सेकंदांनी काढा. त्यानं तो नव्यानं टॉवर शोधतो.

कॉल लागत नसेल तर एसएमएस करा. कॉलला त्या क्षणी सलग वाट मोकळी लागते; एसएमएसला फार थोडी जागा पुरते, एखाद्या क्षणभराच्या रेंजमध्येही तो निसटून जातो. इथं एक बारकावा आहे. देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं बसतात, काना-मात्रा धरून. त्यापुढं गेलं की फोन त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा जावा लागतो. म्हणून ‘काळजी करू नका’ वगैरे गाळा. नमुना असा:

करूळ घाट, गाडी बंद, ४ जण ठीक, १६.५३१२ ७३.८०४५

हा निरोप एकाच तुकड्यात जातो. ‘पाठवला गेला नाही’ असं दिसलं तर त्यावर पुन्हा टिचकी मारावी लागते. सगळे फोन आपोआप परत पाठवत नाहीत.

पावनखिंडीच्या मोहिमेला दर जुलैमध्ये शेकडो नवखी पोरं निघतात. मसाई पठारावर धुकं उतरलं की पायवाट दिसत नाही, आणि ऑफलाइन गुगल नकाशा पायवाट सांगत नाही हे वर आलंच आहे. वाट नोंदवणारं एखादं ट्रेकिंगचं अ‍ॅप आधीच भरून घ्या आणि चालायला लागल्यापासून नोंद सुरू करा, म्हणजे निदान आल्या वाटेनं परत फिरता येतं. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहावर चालतं; फोन विमान मोडमध्ये असला तरी ठिपका हलत राहतो. गटात सगळ्यांचे फोन चालू ठेवू नका. दोघांचे चालू, बाकीच्यांचे बंद करून पिशवीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवताना दोन पर्याय येतात. ‘सध्याचं लोकेशन’ म्हणजे त्या क्षणाची एक खूण. ‘लाइव्ह लोकेशन’ १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास तुमच्याबरोबर हलत राहतं, पण त्याला नेट लागतं. घाटात शिरल्यावर ते गोठतं आणि घरचे ‘दोन तास एकाच जागी का?’ म्हणून घाबरतात. निघतानाच सांगून ठेवा: साडेपाचला गगनबावडा सोडलं, सातपर्यंत फोन आला नाही तर मग शोधाशोध करा.

बॅटरी आणि पाणी

रेंज कमी असेल तिथं बॅटरी जास्त का खाल्ली जाते? लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त जोर लावून लहरी सोडतो, आणि टॉवर हरवला की शोधत राहतो. सकाळी भरलेला फोन घाटात दुपारपर्यंत निम्मा होतो तो यामुळे. रेंज नाही हे पक्कं झालं की विमान मोड टाका, दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं काढा.

पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं तेवढं फोनला मिळत नाही. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची, बाहेर ५ व्होल्ट द्यायचे. या बदलात आणि उष्णतेत जाऊन हाताशी ६,००० ते ६,५०० उरतं. म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. दोघांना दोन दिवस काढायचे तर २०,००० चा घ्या. विमानानं जाणार असाल तर तो हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. वायर आधी लावून बघा. निम्म्या वेळा घात करते ती वायर.

बॅटरीला थंडीपेक्षा आपल्याकडं ऊन मारतं. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. उन्हात ठेवून नकाशाही चालू आणि चार्जिंगही चालू, असं केलं की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो.

पावसाळ्यात जिपची पिशवी हवी, दुधाच्या पिशवीला गाठ मारून चालत नाही. फोनवर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे रेटिंग असतं ते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्याचं. राऊतवाडीच्या धबधब्याखाली किंवा पुराच्या गढूळ पाण्यात त्याचा भरवसा धरू नका.

भिजलाच तर: लगेच बंद करा. चालतोय का बघायला चालू करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की पाण्यानं वाचलेला फोनही जातो. सिमचा ट्रे काढा, पोर्ट खाली करून हलकेच झटका, कोरड्या कापडानं पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात किमान २४ तास ठेवा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात घालायचा सल्ला सगळे देतात. तांदूळ फारसं काही शोषत नाही, त्याचा भुसा मात्र पोर्टमध्ये शिरतो.

विजा चमकत असताना मोबाइलवर वीज पडते हा समज खोटा आहे. धोका उघड्या माळावर उभं राहण्याचा आणि झाडाखाली थांबण्याचा आहे. घरात असताना मात्र चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावू नका, कारण तेव्हा तो विजेच्या तारेला जोडलेला असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. शेतात कामाला जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असायलाच हवं.

गाडी चालवताना

ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद पडद्याकडं बघितलं तर गाडी ५० मीटर आंधळी जाते. कोल्हापूर भागात हिवाळ्यात याचा अर्थ एकच: उसानं भरलेली, मागं दिवा नसलेली दोन ट्रॉल्यांची गाडी त्या ५० मीटरमध्ये असू शकते.

रस्ता निघण्याआधी लावा, आवाज मोठा करा, फोन होल्डरमध्ये बसवा आणि मग हात लावू नका. फक्त मार्ग बघण्यासाठी फोन वापरायला नियमात मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. हातात धरून बोललात तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतं: पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हेल्मेटमध्ये कोंबलेला फोनही ‘हँड्सफ्री’ नव्हे. बुलेटच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं, इंजिनच्या सततच्या कंपनानं महागड्या फोनचा कॅमेरा बिघडतो. कंपन शोषणारा होल्डर मिळतो, तो घ्या.

एसटी, रेल्वे, जत्रा: फोन जातो कुठं

फोन चोरीला जाण्याची ठरलेली ठिकाणं आहेत. मध्यवर्ती बसस्थानकात गाडी लागली की दारात जी झुंबड होते तिथं, दोन्ही हात सामानात अडकलेले असतात तेव्हा. रेल्वे सुटताना हळू चाललेली असते आणि खिडकीशी बसलेला माणूस बाहेर हात काढून बोलत असतो तेव्हा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत. सदऱ्याच्या वरच्या खिशातल्या फोनला चोर लागतही नाही, वाकलात की तो आपोआप पडतो. पॅन्टचा पुढचा खिसा किंवा छातीवर घेतलेली पिशवी, एवढंच.

जत्रेत आणखी एक होतं: एका डोंगरावर लाखो माणसं, टॉवर तेवढेच, मग कॉल लागत नाहीत. चुकामूक झाली तर कुठल्या दुकानापाशी भेटायचं ते वर जाण्याआधीच ठरवा, आणि लहान मुलाच्या खिशात आईबापाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला.

स्टँडवर, गाडीत चार्जिंग करताना स्वतःचं अ‍ॅडॅप्टर लावा. नुसत्या यूएसबीच्या भोकात वायर घालायची वेळ आलीच आणि फोननं काही विचारलं, तर ‘फक्त चार्जिंग’ निवडा. रेल्वेच्या डब्यात रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंगची वीज बंद असू शकते, म्हणून जेवणाआधी भरून घ्या.

फोन गेला तर हा क्रम:

पहिल्या दहा मिनिटांत दुसऱ्याच्या फोनवरून आपला नंबर लावा. रिक्षात राहिला असेल तर रिक्षावाला उचलतो, कोल्हापुरात हे बऱ्याचदा होतं. उचलला नाही किंवा बंद लागला तर गुगलच्या ‘फाइंड हब’मधून किंवा अ‍ॅपलच्या ‘फाइंड माय’मधून फोन लॉक करा. जागा दिसली तरी एकट्यानं तिथं जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड थांबवा, आणि सिम कंपनीला सांगून सिम बंद करा. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या. त्याच नंबरचं नवं सिम काढा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, त्यामुळे ओटीपी येत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. नंतर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर, हरवलेले फोन बंद करण्याच्या सीईआयआर विभागात आयएमईआय, तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र भरून फोन ब्लॉक करा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कुठलंही सिम घातलं तरी चालत नाही. फोन परत मिळाला तर त्याच पोर्टलवर तो मोकळा करता येतो, त्यासाठी मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा.

पुरात

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. फोनच्या दृष्टीनं महत्त्वाचा आकडा ३९ आहे. ४३ ची वाट बघितली तर उशीर होतो, कारण पाणी रोहित्रापर्यंत आलं की सुरक्षेसाठी वीज तोडली जाते आणि मग टॉवर बॅटरीवर व डिझेलवर जितके तास निघतील तितकेच. २०१९ आणि २०२१ मध्ये महामार्ग शिरोलीपाशी बंद होता, म्हणजे डिझेलही सहज पोचत नाही.

३९ ची बातमी आली की घरातले सगळे फोन, पॉवर बँक आणि विजेरी भरून घ्या. आधारकार्ड, सातबारा, विमा, गुरांचे टॅग यांचे फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवा. घरातल्या वस्तूंचाही एक व्हिडिओ काढा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतो. मग एक फोन चालू, बाकी बंद. चालू फोनही दिवसभर नको: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, असे दहा-दहा मिनिटं, आणि या वेळा बाहेरच्या माणसाला कळवून ठेवा. टॉवर मेला पण केबलचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर चालू आहे, असं झालं तर सेटिंगमधलं ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा, साधा कॉल त्यावरून जातो.

सरकारी इशारे मोबाइलवर मोठ्या आवाजात थेट येतात. सेटिंगमध्ये ‘वायरलेस आपत्कालीन सूचना’ बंद केलेल्या नाहीत ना ते बघा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) ‘सचेत’ अ‍ॅपही ठेवा. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपसूक उघडतात. दरवर्षी हे उघडले की ‘धरण फुटलं’ म्हणून कुठला तरी जुना व्हिडिओ फिरतो. पुढं पाठवण्याआधी १०७७ ला विचारा. आणि शिवाजी पुलावर पाण्याकडं पाठ करून रील काढणाऱ्यांना काय सांगावं, तो वेगळाच विषय आहे.

अडकलात तर निरोपात माणसांची संख्या, त्यांतली म्हातारी आणि मुलं किती, कितव्या मजल्यावर, आणि घराची लांबून दिसणारी खूण द्या. गल्लीची पाटी पाण्याखाली असते. ‘निळ्या टाकीची गच्ची’ बोटीवाल्याला कळतं. रात्री बोट जवळ आल्यावरच फोनची विजेरी लावा, तासन्‌तास लावून ठेवू नका.

पैसे

घाटात रेंज नाही म्हणजे यूपीआयही नाही. माणशी पाचशे-हजार सुटे पैसे ठेवा.

प्रवासातल्या फसवणुकीच्या तीन वाटा नेहमीच्या. एक, भक्तनिवास किंवा हॉटेलचा नंबर इंटरनेटवर शोधला की वर येणारा नंबर खोट्या माणसाचा असतो. देवस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि खोलीचे पूर्ण पैसे आगाऊ पाठवू नका. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमच्या गाडीचं चलन’ म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते. खरं चलन कधी एपीके फाइलनं येत नाही. ती फाइल दाबून बसवली की तुमचे ओटीपी दुसरीकडं जायला लागतात. दाबली गेलीच तर लगेच विमान मोड टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. तीन, ‘पैसे परत करतो, पिन टाका’. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

पैसे गेले असतील तर लाजेत वेळ घालवू नका, १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून काढून घेईपर्यंत जो थोडा वेळ असतो, तेवढ्यातच ते गोठवता येतात. व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवून बोला.

आजी-आजोबांना प्रवासाला पाठवताना स्मार्टफोनचा आग्रह धरू नका. बटणांच्या साध्या फोनची बॅटरी कितीतरी दिवस पुरते, आणि २०१७ पासूनच्या अशा फोनांत ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल जातो. दोन्हींपैकी कुठलं ते फोनप्रमाणे ठरतं, बघून त्यावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावून द्या. २ ते ४ या बटणांवर घरच्यांचे नंबर बसवता येतात; कुठल्या बटणावर कोण ते कागदावर लिहून फोनच्या मागं चिकटपट्टीनं लावा.